अठ्ठेचाळीस सांध्यांचा पूल

नारायण पेठ, पुणे
७ ऑक्टोबर २०२५

चि. तनयास अनेक आशीर्वाद.

प्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून ठेवतो. आमच्या कारखान्याच्या गेटवर चहा विकणाऱ्या शंभूने दसऱ्याचा मुहूर्त साधून कप बदलले. नव्या कपात जेवढं मावतं त्याला आमच्याकडे पेय म्हणत नाहीत, आचमन म्हणतात. मी विचारलं, "शंभू, हा चहा आहे की तीर्थ?" तर म्हणाला, "काका, दोन घ्या की." म्हणजे दुःखावरचा उपाय त्याच्यापाशी तयार आहे आणि तो त्याच्याच सोयीचा आहे. या विषयावर मी एक निवेदन लिहीत असून त्यावर सह्या घेणार आहे. आतापर्यंत एक झाली. माझी.

दुसरी तक्रार तुझी. गेल्या ई-मेलखाली तू 'रिगार्ड्स, तनया' असं लिहिलंस. सख्ख्या मामाला रिगार्ड्स! महापालिका उद्या पाणी बंद करणार असल्याचं कळवते आहे की काय, असं मला क्षणभर वाटलं. बंगळूरला जाऊन सांधे कसे तुटतात यावर पीएच.डी. करायला आमची ना नाही. प्रयोग घरच्यांवर नकोत.

आता कामाचं. शाळेतली संस्कृतची तुकडी बंद पडली तेव्हा रावसाहेबांनी, म्हणजे माझ्या वर्गमित्राने, मला त्यांच्या नऱ्ह्याच्या फायबरच्या कारखान्यात 'कागदांचा माणूस' म्हणून नेलं, ते अजून सोडलेलं नाही. कुठलं काम कसं करायचं याच्या सूचना कामगारांना कळेल अशा मराठीत लिहायच्या आणि तसं झालं की तक्त्यावर खूण करायची, एवढाच माझा उद्योग. सध्या आमच्याकडे एक पूल आहे. मुळशीच्या बाजूला एका वाडीपुढे ओढा आणि पलीकडे शाळा; पावसाळ्यात पोरं तीन किलोमीटरचा वळसा घालून जातात. त्यांच्यासाठी चौदा मीटरचा, नुसता चालायचा पूल. काचेचे धागे आणि राळ यांच्या नळ्या नि पट्ट्या. लोखंडासारखं वेल्डिंग इथे चालत नाही, म्हणून जिथे दोन तुकडे भेटतात तिथे गोंद, आणि गोंदावरून बोल्ट. असे अठ्ठेचाळीस सांधे. सगळे झाले. पूल अंगणात पडून आहे. ४ नोव्हेंबरला ट्रक येईल.

माझी शंका निव्वळ शास्त्रीय कुतूहलाची आहे. रावसाहेब म्हणतात, "पंडित, गोंद सुटला तर बोल्ट आहे. बोल्ट ढिला पडला तर गोंद आहे. डबल काम!" ऐकायला हे इतकं बरं वाटतं की मला संशय आला. हे दोघे ओझं मिळून वाहतात की आळीपाळीने? सवडीने कळव.

तुझा
अनंतमामा


बंगळूर
९ ऑक्टोबर

ती. स्व. अनंतमामाच्या चरणी बालिका तनयाचा शि. सा. न. वि. वि. झालं समाधान? ते रिगार्ड्स मेलखाली आपोआप येतं रे.

रावसाहेबकाकांचं 'डबल' चूक आहे. मिळूनही नाही आणि आळीपाळीनेही नाही. समज, मंडईतून एक जड पिशवी दोघं जण एकेक बंद धरून नेताहेत. एकाचा बंद ताठ आहे, दुसऱ्याचा सैल. सैल बंदवाला शेजारून चालतोय, घामही पुसतोय, पण वजन सगळं पहिल्याच्या हातात. गोंद हा ताठ बंद. त्याने धरलं की दोन तुकडे केसभर सरकत नाहीत. बोल्टाचं भोक मात्र बोल्टापेक्षा थोडं मोठं ठेवावंच लागतं, नाहीतर तो आत जायचा कसा? तुकडे तेवढे सरकल्याशिवाय बोल्टाच्या अंगाला काही लागत नाही. गोंद शाबूत आहे तोवर बोल्ट फुकटचा. गोंद गेला की सगळं ओझं एकदम त्याच्या अंगावर.

वर भोकाचा त्रास वेगळा. लोखंडात भोक म्हणजे नुसतं भोक. फायबरमध्ये भोक पाडलं म्हणजे विणकाम कापलं. तरी बोल्टाचा एक गुण मला फार आवडतो. भोक कडेपासून पुरेसं लांब असेल तर तो सांधा सावकाश मरतो. भोक लांबट होत जातं, पूल कुरकुरतो, कोणीतरी बघायला येतं. गोंद असं काही कळवत नाही. सकाळी सांधा, दुपारी दोन तुकडे. आणि पक्का लागलेला गोंद आणि नुसता टेकून बसलेला गोंद बाहेरून एकसारखे दिसतात. आमच्या इथल्या महागड्या यंत्रांनाही पोकळी दिसते, कच्चेपणा दिसत नाही.

आता मला सांग, हे काय चाललंय? तू 'शास्त्रीय कुतूहल' म्हणतोस तेव्हा घरात काहीतरी फुटलेलं असतं.

तनया


नारायण पेठ
१३ ऑक्टोबर

चि. तनयास आशीर्वाद.

घरात काही फुटलेलं नाही. फुटलंय ते एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत.

आमच्याकडे पद्धत अशी की मोठ्या कामाबरोबर चार लहान नमुना-पट्ट्याही चिकटवायच्या. टेबल तेच, गोंद तोच, हात तेच. मग त्या यंत्रावर ताणून तोडायच्या. या वेळी चारही पट्ट्या ठरल्या जोराच्या निम्म्यालाच सुटल्या. फोटो जोडला आहे. एका तुकड्यावर गोंदाचा सगळा थर, दुसरा कोरा. बरणीवरचं लेबल निघावं तसं.

रावसाहेब म्हणाले, "मशीनवर पोरगं नवीन असेल. पट्टी वाकडी धरली असेल. आणि बोल्ट आहेत ना!" मी त्यांना तुझी मंडईची पिशवी ऐकवली. ते म्हणाले, "मग त्या दुसऱ्याला सांगा, बंद घट्ट धर म्हणून." या माणसाशी मी चाळीस वर्षं वाद घालतो आहे आणि जिंकल्याचं आठवत नाही.

मग ज्याने पुलाचं डिझाइन केलं त्या वरदला फोन केला. तो आता हिंजवडीत सॉफ्टवेअर करतो. कंपनीच्या बसमध्ये, ट्रॅफिकमध्ये अडकला होता, त्यामुळे त्याला भरपूर वेळ होता. म्हणाला, "काका, बोल्ट फक्त गोंद सेट होईपर्यंत दाबून धरायला होते. लोड सगळा गोंदावरच काढलाय." मी शाळेची फूटपट्टी घेऊन अंगणात गेलो. बोल्ट बारा मिलिमीटरचा. भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत अठरा.

पट्ट्या का सुटल्या याचा शोध चालू आहे. गोंदाचा डबा जुना असेल. किंवा गोंद लावणाऱ्या गेनबाचे हात. तो तंबाखू मळतो हे तुला ठाऊक आहे. सूचना तर स्वच्छ आहे, मीच लिहिली आहे: पॉलिश पेपर मारून घासलेल्या भागाला आठ तासांच्या आत गोंद लावावा, उशीर झाल्यास पुन्हा पेपर मारावा. तक्त्यावर त्या ओळीपुढे खूणही आहे.

अनंतमामा


बंगळूर
१४ ऑक्टोबर

मामा,

मायना पुढच्या वेळी. आधी हे वाच.

गोंदाचा दोष नाही. गोंद खराब असता तर तो स्वतःच मधून फाटला असता आणि दोन्ही तुकड्यांवर थोडाथोडा राहिला असता. एक तुकडा कोरा निघाला म्हणजे तिथे तो कधी चिकटलाच नव्हता. त्या पृष्ठभागावर आधीच काहीतरी होतं. तेल, मेण, साबण, काहीही. डोळ्यांना दिसणार नाही इतकंही पुरतं.

आणि बाराच्या बोल्टाला कडेपर्यंत निदान छत्तीस हवं. अठरावर तो भोक लांबट करत बसणार नाही, कडेचा तुकडा फाडून सरळ बाहेर येईल. म्हणजे सावकाश मरण्याचा गुणही गेला. मामा, गोंद कच्चा आणि बोल्ट असे, तर हा पूल ओढ्यावर जाता कामा नये. त्यावरून मुलं जाणार आहेत.

पाण्याची एक सोपी परीक्षा कर. त्या दिवशीचा, गोंद न लावलेला एखादा उरलेला तुकडा असेल. त्यावर पाणी शिंपड. सपाट पसरलं तर स्वच्छ. थेंब धरून राहिलं तर काहीतरी लागलंय.

आणि तारखा कळव. पेपर कधी मारला, गोंद कधी लावला. खूण नको, तारखा. गेनबाकाका काम करताना हातमोजे घालतात, हे मी शाळेत असताना तूच कौतुकाने सांगायचास.

तनया


बंगळूर
२७ ऑक्टोबर

मामा,

चकल्या पोचल्या. सोबत पत्र नव्हतं. फोन केला की नीरजामामी उचलते आणि तू नेमका 'आत्ताच बाहेर पडलेला' असतोस. दिवाळीत चार वेळा. एवढा तू कधीपासून फिरायला लागलास?

मला काय वाटतंय ते सांगते. रावसाहेबकाका हे प्रकरण दाबताहेत आणि तू मित्रासाठी गप्प बसला आहेस. तसं असेल तर मी त्यांना स्वतः फोन करते. ट्रक यायला आठ दिवस राहिलेत.

तनया


नारायण पेठ
२९ ऑक्टोबर

चि. तनया,

रावसाहेबांना फोन करू नकोस. त्यांनी काही दाबलेलं नाही, त्यांना पट्ट्यांपलीकडे काही माहीतच नव्हतं. गप्प मी बसलो होतो, आणि माझ्यासाठी.

तारखा. पेपर मारला ३० सप्टेंबरला, मंगळवारी संध्याकाळी. गोंद लावला ३ ऑक्टोबरला, शुक्रवारी सकाळी. मधे बुधवारी खंडेनवमी आणि गुरुवारी दसऱ्याची सुट्टी.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची आणि हत्यारांची पूजा होते. मंत्र मी म्हणतो, एम. ए. संस्कृतचा तेवढाच उपयोग उरलाय. यंदा पुलाचे तुकडे टेबलांवर ओळीने मांडलेले होते, घासलेली टोकं वर, त्यांवर कागद. रावसाहेब म्हणाले, "पंडित, यंदा पुलालाही लावा. पोरं चालायचीत त्यावरून." मला ते फार आवडलं. मी कागद काढायला लावले. पंखा चालू होता, कोरडं कुंकू उडायला लागलं, म्हणून मी ते खोबरेल तेलात कालवलं. मग प्रत्येक तुकड्याला एकेक बोट. टोकालाच, कारण टोकं एका रेषेत होती आणि तिथे ते शोभून दिसत होतं. नमुना-पट्ट्यांनाही लावलं. पंक्तिभेद नको.

तुझी पाण्याची परीक्षा मी पंधरा तारखेलाच केली. गोदामात दोन तुकडे होते. एक पूजेतला, एक नंतर घासलेला. नंतरच्यावर पाणी फरशीवर पसरावं तसं पसरलं. पूजेतल्यावर थेंब उभे राहिले, अळूच्या पानावर राहतात तसे. मी बराच वेळ बघत बसलो. फार सुंदर थेंब होते.

मग गेनबाला विचारलं, शुक्रवारी पुन्हा पेपर का नाही मारलास? तो म्हणाला, "गुरुजी, तुमी मंत्र म्हणून लावल्यालं कुंकू. त्याच्यावर पेपर कसा मारायचा? नव्या फडक्यानं पुसून घेतलं की. धुतल्यालं फडकं हाय." त्याने एकेक बोट इतक्या आदराने पुसलं होतं की टिकलीएवढं तेल तळहाताएवढं झालं. वर म्हणाला, "मला वाटलं तुमी तंबाखूचं काढताय." कारण तुला ते पत्र लिहिलं त्याच दिवशी मी त्याला हात दाखवायला लावले होते. त्याने दाखवले. स्वच्छ होते.

राहिली खूण. 'आठ तासांच्या आत किंवा पुन्हा पेपर मारून' या ओळीपुढची खूण माझी आहे. ती करताना मी तारीख पाहिली होती. तीन दिवस झाले हे मनात आलं होतं. लगेच हेही आलं की मधे पूजाच झाली आहे, त्याने काय बिघडणार. हे असलं अनुमान पोरांनी पेपरात लिहिलं तर मी त्यावर लाल रेघ मारत असे.

परवा, सोमवारी दिवाळीनंतर कारखाना उघडला. तुझी मेल सकाळी वाचली होती. रावसाहेबांच्या टेबलापुढे उभं राहून सगळं सांगितलं.

"म्हणजे कुंकू माझ्या सांगण्यावरून लावलं," ते म्हणाले.

"तेल माझं होतं."

"आणि खूण?"

"तीही माझीच. बघून केलेली."

ते पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले. मग म्हणाले, "बसा आता. उभे काय राहिलात, वर्गाबाहेर काढल्यासारखे." त्यांनी ट्रकवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. वाडीच्या सरपंच मैनाबाई आहेत. त्यांना फोन करायचं काम मात्र माझ्याकडे दिलं, आणि समोर बसून ऐकलं. मी कुंकवासकट सगळं सांगितलं. मैनाबाईंनी विचारलं, "म्होरल्या पावसाच्या आत व्हईल का?" म्हटलं, होईल. "मग दमानं करा. पर नीट करा."

रावसाहेब नंतर दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. आज चहा सांगितला. दोन कप, कारण कप लहान आहेत.

अनंतमामा


बंगळूर
३१ ऑक्टोबर

प्रिय मामा,

गेनबाकाकांचं नाव तू लिहिलंस तेव्हा मला तुझा राग आला होता. तो गेला. पण आला होता, म्हणून लिहिते.

जुने सांधे सुटे करून त्यांवरच पुन्हा गोंद लावू नका. तेल आत गेलंय आणि भोकं चुकीच्या जागी आहेत. तुकडे नवे करा, एकमेकांवर जास्त लांब येतील असे. भोकं कडेपासून छत्तीसच्या पुढे. आणि वरदला सांग, हिशेब असा मांड की गोंद नाहीच असं धरलं तरी बोल्ट एकटे सगळं पेलतील. मग गोंद लावा, पूल ताठ राहावा म्हणून. रावसाहेबकाकांचं 'डबल' असं होतं.

पुढच्या वर्षी पूजा हातोड्यांची करा. त्यांना तेल चालतं.

तू ती खूण 'बघून केली' हे सांगितलं नसतंस तरी चाललं असतं. कोणाला कळलं नसतं. मला तू ते सांगितलंस याचं बरं वाटलं, आणि तुला ते पंधरा दिवस कसे गेले असतील याचं वाईट.

तनया


नारायण पेठ
३० नोव्हेंबर

चि. तनयास अनेक आशीर्वाद.

पूल झाला. नव्या नमुना-पट्ट्या यंत्रावर ताणल्या तेव्हा फायबर फाटलं, गोंद सुटला नाही. अंगणात पुलावर वाळूची पोती रचून तीन दिवस ठेवली. खाली दोरा बांधून मी रोज सकाळी फूटपट्टीने वाक मोजत होतो. पोती काढल्यावर पूल होता तिथे परत आला. गुरुवारी तो ओढ्यावर बसवला. मी मधोमध उभा राहून उडी मारून पाहिली. माझ्या एकावन्न किलोंची त्याने दखल घेतली नाही. मैनाबाईंची शेळी मात्र पुलाच्या तोंडाशीच अडून बसली. तिला उचलून न्यावं लागलं, आणि ते काम रावसाहेबांकडे आलं. मुलं शाळेतून त्यावरूनच घरी गेली. बोल्ट कुरकुरतात का ते ऐकायला दर महिन्याला एकदा जायचं, असं गेनबाने आणि मी ठरवलं आहे. सूचनापत्रात तशी ओळ घातली.

हे सगळं चांगलंच झालं. आता जे लिहायला बसलो होतो ते लिहितो.

नव्या पुलाचं काम चालू असतानाच मी जुन्या फायली काढल्या. ओझं पेलणारं गोंदाचं काम आम्ही २०२१पासून करतो. म्हणजे यंदाचा सोडून चार दसरे. तीन वर्षी त्या आठवड्यात टेबलं रिकामी होती. २०२३ साली नव्हती. त्या वर्षी अकरा शिड्या होत्या. विजेच्या कामाला लागतात तसल्या पिवळ्या, फायबरच्या. पायऱ्या दोन्ही बाजूंना नुसत्या गोंदाने बसवलेल्या, बोल्ट एकही नाही. पेपर मारला खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, गोंद लावला दसऱ्यानंतर. खूण माझी. त्या पायऱ्यांना मी कुंकू लावलं होतं का, तेल घेतलं होतं का, मला आठवत नाही. गेनबालाही आठवत नाही.

शिड्या बुधवार पेठेतल्या एका दुकानातून विकल्या गेल्या होत्या. दुकानदाराने सात पत्ते दिले. रावसाहेब आणि मी टेम्पो घेऊन सातही परत आणल्या. एकाही गिऱ्हाइकाने कारण विचारलं नाही, नवी मिळते म्हटल्यावर आनंदाने दिली. त्यातल्या पाच ठीक निघाल्या. दोन शिड्यांच्या पायऱ्या गेनबाने हाताने झटका दिल्यावर सुटून आल्या. कोऱ्या.

उरलेल्या चार दुकानातून कोण घेऊन गेलं त्याची नोंद नाही. रावसाहेबांनी पेपरात दोनदा जाहिरात दिली, दुकानात पाटी लावली. कोणी आलं नाही.

लग्नसराई सुरू झाली आहे. स्वारगेटला बसमधून उतरून घरी येईपर्यंत मी प्रत्येक शिडीकडे बघत येतो. काल एका मंगल कार्यालयाबाहेर एक जण पिवळ्या शिडीवर चढून माळा लावत होता. मी त्याला खाली उतरायला सांगितलं. तो म्हणाला, "काका, लग्न तुमचं आहे का?" तरी उतरला. मी वाकून छाप पाहिली. आमची नव्हती. त्याची क्षमा मागितली आणि तो पुन्हा चढला.

नीरजा म्हणते, दोन वर्षांत काही झालं नाही, म्हणजे त्या चारही चांगल्या असतील. असतीलही. पण गोंद आधी काही कळवत नाही, हे मला तूच सांगितलं आहेस.

त्या चार शिड्यांवर या शहरात रोज कोणीतरी चढत असेल. तो कोण आहे हे मला माहीत नाही आणि त्याला सांगायचा मार्ग मला सापडत नाही. तनया, मला फार भीती वाटते.

तुझा
मामा